गाइडचं वाङ्मय आणि आपल्या कवितेतले कापलेले हात

समीक्षक मंडळी कथा-कादंबरीवर लिहितात, कवितेवर लिहितात. प्रवासवर्णनावर पण लिहितात, कारण ते छापलेलं असतं आणि लेखक बहुधा ओळखीतला असतो. पण एक वाङ्मय असं आहे की जे रोज हजारो लोकांना उभ्या उभ्या ऐकवलं जातं आणि त्याच्यावर कुणी चार ओळी खरडत नाही. ते म्हंजे गाइडचं भाषण. बस थांबते, झेंडी वर करून एक माणूस पुढं चालायला लागतो आणि तासाभरात तीनशे वर्षांचा इतिहास आपल्या डोक्यात ओतून मोकळा होतो. ऐकणाऱ्यांत प्राध्यापक असतो, किराणावाला असतो, आमच्यासारखे रिंगखात्यातले कामगार पण असतात. पुस्तक वाचताना माणूस निदान शंका तरी काढतो. इथं खरी इमारत समोर उभी असते, हात लावून बघता येते, त्यामुळं तिच्याबद्दल सांगितलेलं खोटंही खरंच वाटतं. ते घरी येतं, पोराबाळांना सांगितलं जातं आणि पुढं आपल्या कवितेतही उतरतं. म्हणून त्याची समीक्षा झाली पायजे.

गेल्या दिवाळीत आमच्या सूतगिरणीतल्या पतपेढीनं सहल काढली. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, जयपूर. बावीस जण गेलो. टूरवाल्याच्या पत्रकावर 'भारताचं वैभव बघा' असं मोठ्या अक्षरात होतं आणि खाली बारीक अक्षरात चहा-नाश्त्याच्या वेळा. आपले काही कार्यकर्ते यावरनं बोललेच. राजेलोकांची थडगी बघायला पैसे घालवायचे आणि वर परिवर्तनाच्या गप्पा मारायच्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. थडगं कुणाचंही असो, दगड कुणी घडवला हा प्रश्न आपला आहे. आणि आपण गेलो नाही म्हणून भाषण बंद पडत नाही. ते आपल्याच पोरांच्या शाळेच्या सहलीत सुरू राहतं.

या भाषणाला ठरलेला साचा आहे. (गिरणीत साचा म्हंजे यंत्र. इथंही तेच समजा, माल एकसारखा पडतो.) आधी राजाचं नाव, मग राणीचं. मग आकडा : किती खिडक्या, किती खांब, किती वर्षं, किती मजूर. मग एखादं रहस्य, भुयार नाहीतर खजिना नाहीतर शाप. आणि शेवटी दुकान. हे शेवटचं कलम विसरू नका, कारण अख्ख्या भाषणाची रचना त्याच्यासाठी असते. कमिशन दुकानात मिळतं. त्यामुळं आधीच्या तासाभरात ऐकणाऱ्याला भारावून टाकणं भाग असतं. वैतागलेला, प्रश्न पडलेला, रागावलेला माणूस संगमरवराची डबी विकत घेत नाही. गाइडवर माझा राग नाही. तोही पोटासाठी उन्हात उभा असतो आणि रोज तीच वाक्यं बोलून त्याचा घसा बसलेला असतो. मी त्याच्या मालाबद्दल बोलतोय.

माल गिऱ्हाईक बघून कापला जातो. आग्र्याच्या किल्ल्यात मराठी ग्रुप दिसला की आवाज बदलतो. 1666, औरंगजेबाचा दरबार, नजरकैद, मिठाईचे पेटारे, आणि शिवाजी महाराज निसटले. आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला, माझ्याही. पण पेटारे काही आपल्या पायानं चालत गेले नव्हते. ते कुणाच्यातरी खांद्यावरनं गेले. ते बोझेवाले कोण, त्यांना पेटाऱ्याचं वजन कळलं नसेल का, पहाऱ्यावरच्यांनी नंतर त्यांना गाठलं का? हे मी विचारलं तेव्हा गाइड हसला आणि म्हणाला, 'चलिये, आगे दीवान-ए-खास है.' आमच्यातल्याच एकानं मला कोपरानं ढोसलं, उगाच खोड्या काढू नको म्हणून. खोडी कसली? त्यांच्या खांद्याशिवाय ती गोष्टच होत नाही.

आता ताजमहाल. इथं गाइडचा आवाज एकदम खाली येतो. वीस हजार मजूर, बावीस वर्षं, चौदाव्या बाळंतपणात गेलेली मुमताज. आणि मग कळस : असा ताज पुन्हा कुणी बांधू नये म्हणून बादशहानं कारागिरांचे हात तोडले. बायका हळहळतात. एकानं विचारलं, सगळ्यांचे? सगळ्यांचे. मग फोटो.

त्यानंतर तास-दीड तासात आम्ही पच्चीकारीच्या दुकानात होतो. दारातच एक कारागीर चाकावर वाकून दगडाची पाकळी घासत बसलेला. दुकानातला माणूस म्हणाला, ज्यांनी ताज घडवला त्यांच्याच खानदानातले हे लोक, बापाकडनं पोराकडं ही कला चालत आली. आमच्यातला एक वायंडिंगवाला माझ्या कानाशी पुटपुटला, 'हात तोडल्यावर बापानं शिकवलं कशानं, पायानं?' दोस्तहो, मी आजवर जेवढी समीक्षा वाचली तिच्यात एवढं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. त्या कारागिराच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती, आमच्या खात्यात कापसाची बसते तशी. नगावर मिळतं का रोजावर, असं मी विचारलं. त्यानं आधी दुकानवाल्याकडं बघितलं, मग चाकाकडं बघितलं आणि पुन्हा पाकळी घासायला लागला.

हात तोडल्याची गोष्ट शहाजहानच्या काळातल्या दरबारी बखरीत नाही. त्या काळात इथं हिंडून मिळेल ती कंडी लिहून घेणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या लिखाणातही नाही. गाइड जो वीस हजार मजूर आणि बावीस वर्षांचा आकडा फेकतो तो मूळचा तावेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याचा. त्यानं आकडा दिला, नदीपलीकडं बादशहाला स्वतःची कबर बांधायची होती ही वावडीही त्यानंच दिली, पण कापलेले हात काही दिले नाहीत. ताजचं काम 1632 साली सुरू झालं. ते पुरतं संपायच्या आतच, 1639 साली, त्याच शहाजहाननं दिल्लीत नवं शहर आणि लाल किल्ला काढला. ताजचा म्हणून ज्याचं नाव येतं तो उस्ताद अहमद लाहोरीच लाल किल्ल्याचाही. 1648 साली तो किल्ला उभा राहिला. हातोडी-छिन्नी धरणाऱ्यांचे हात तोडले असते तर तो कुणी बांधला?

तरी गोष्ट टिकली. आणि गाइडच्या तोंडात टिकली त्यापेक्षा घट्ट ती आपल्या कवितेत बसली. आपल्या अनियतकालिकांत ताजमहालावर कविता आली की तिच्यात कापलेले हात येणार हे ठरलेलं. पांढऱ्या दगडातनं रक्त ठिबकणार, मनगटं ओरडणार, शेवटी मुठी आवळल्या जाणार. (मनगट तोडल्यावर मूठ कुठली?) कवीला वाटतं आपण प्रस्थापितांच्या सौंदर्याला सुरुंग लावला. प्रत्यक्षात त्यानं गाइडचाच माल उचललेला असतो, त्याच्यावर विद्रोहाचं लेबल चिकटवलेलं असतं एवढंच. मजूर या गोष्टीत येतो कधी? हात तुटताना. त्याच्या आधी बावीस वर्षं तो काय खात होता, कुठं झोपत होता, मुकादम कोण होता, पोरं कुठं होती, याची एक ओळ नाही. हात कापलेला मजूर फार सोयीचा. तो मजुरी मागत नाही, संप करत नाही, त्याची फक्त कीव करायची.

दुसरा धोका आहे तो आजचा. ही गोष्ट आता वेगळ्या कामाला जुंपलीय. मुसलमान राजा म्हंजे हात तोडणारा, हे ठसवायला ती शाखा-शाखांतनं फिरते. 2017 साली उत्तर प्रदेश सरकारच्या पर्यटन पुस्तिकेतनं ताजमहालच गायब झाला होता. आपला कवी मजुरांची बाजू घ्यायला निघतो आणि नकळत त्यांच्या पंगतीला जाऊन बसतो. राजाचा हिशेब आपण मांडायचाच, पण राजा म्हणून. त्याचा धर्म बघून जो हिशेब मांडला जातो तो आपला हिशेब नव्हे.

आणि मांडायला हिशेब आहे. कापलेल्या हातांपेक्षा भयंकर आहे, आणि लिहून ठेवलेला आहे. मुमताज 1631 च्या जूनमध्ये गेली ती आग्र्यात नाही, बुऱ्हाणपुरात गेली. महाराष्ट्राच्या सीमेला लागून. बादशहा तिथं दख्खनच्या स्वारीवर आला होता. आणि त्याच वेळेला, 1630 ते 1632, गुजरात आणि दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ होता. शहाजहानचाच बखरकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की माणसं भाकरीसाठी जीव विकायला तयार होती, कुणी घेणारा नव्हता. कुत्र्याचं मांस विकलं गेलं, मेलेल्यांची हाडं पिठात मिसळली गेली. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला, त्यानं वाटेवरची प्रेतं लिहून ठेवलीत. कापडाचे इंग्रज व्यापारी रडत होते की विणकर, धोबी, रंगारी मेले नाहीतर परागंदा झाले, आता माल कुठनं आणायचा. आपले पूर्वज असे परक्याच्या तक्रारवहीत सापडतात.

आता आकडे. लाहोरी सांगतो, बादशहानं बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असे वीस सोमवार. एक लाख. लंगर उघडले, साऱ्यात सूट दिली हेही तो सांगतो, लपवायचं कारण नाही. आणि ताजमहालाचा खर्च? तोच लाहोरी सांगतो, पन्नास लाख. बुऱ्हाणपुरात भुकेल्यांच्या हातावर एक लाख आणि मेलेल्या राणीच्या कबरीवर पन्नास लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवायला कवीची प्रतिभा लागत नाही, पतपेढीचा कारकूनही ठेवील. पण एकाही गाइडनं ठेवलेले मी ऐकले नाहीत, आणि आपल्याही कवितेत मला ते सापडले नाहीत. बुऱ्हाणपूर हे गावच गाइडच्या भाषणात नसतं. राणी तिथं मरते आणि लगेच आग्र्यात पोचते.

अंगठ्यांची पण अशीच गत. बंगालच्या विणकरांचे अंगठे इंग्रजांनी तोडले असं आपण सभांमधनं ठोकून देतो. विल्यम बोल्ट्स नावाचा कंपनीचाच माजी नोकर 1772 साली छापलेल्या पुस्तकात वेगळंच लिहितो. रेशीम उकलणाऱ्या कामगारांनी, जबरदस्तीनं कामाला जुंपतील म्हणून, आपले अंगठे आपणच तोडून घेतले. वाचलं तेव्हा मी रात्रपाळीला होतो, फ्रेमसमोर उभा राहून डाव्या हाताच्या अंगठ्याकडं बघत बसलो. धागा तुटला की तो सांधायला हाच लागतो. ते अंगठे कुणी राजानं तोडले नव्हते. तो त्या लोकांचा शेवटचा नकार होता. एकलव्याच्या अंगठ्यावर आपण एवढं लिहिलं, या अंगठ्यांवर कुणी लिहावं असं मला वाटतं.

ताजच्या दगडांवर खरे हात आहेतच. फरसबंदीवर, भिंतींच्या दगडांवर पाथरवटांनी खुणा कोरून ठेवल्यात. चांदणी, मासा, त्रिकोण, फूल. ज्याचा त्याचा दगड ओळखू यावा म्हणून, कदाचित मजुरी मोजायला म्हणून. आमच्याकडं क्रेटवर खडूनं फ्रेमचा नंबर टाकतात तसं. मी गाइडला त्या खुणा दाखव म्हणालो, तर तो म्हणाला त्यात बघण्यासारखं काही नाही. आख्ख्या ताजमहालावर सहीनिशी नाव आहे ते एकाचंच, अमानत खान शिराझीचं. त्यानं अक्षरं काढली. इथं थांबून विचार करा. अशोकाच्या काळातही तेच. कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या शिलालेखाखाली लिहिणाऱ्यानं आपलं नाव कोरून ठेवलंय, चपड. ज्याला अक्षर येत होतं त्याचं नाव राहिलं, ज्याला येत नव्हतं त्याचा मासा आणि त्रिकोण राहिला. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं त्याचा एक अर्थ असा दगडावर वाचायला मिळतो. याच आग्र्यात, 18 मार्च 1956 रोजी, शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला असंही ते बोलले होते. ज्या चक्कीपाटच्या विहारात त्यांनी बुद्धमूर्ती बसवली तो या शहरातच आहे. बुटांच्या धंद्यात राबणाऱ्या जाटवांच्या वस्त्याही इथंच. आमच्या बसला त्या वाटेनं काही काम नव्हतं.

फत्तेपूर सिक्रीबद्दल फार लिहीत नाही. तिथं पाणी संपलं म्हणून शहर सोडलं ही गोष्ट सांगतात, इतिहासवाले त्यावर अजून भांडतायत. एक सांगतो. अकबरनाम्याच्या चित्रांत सिक्रीच्या बांधकामाचं चित्र आहे, तुलसी नावाच्या चित्रकाराचं, आता लंडनच्या म्युझियममध्ये असतं. त्यात दगड फोडणारे, वाहणारे मजूर काढलेत आणि बादशहा त्यांच्यामध्ये उभा आहे. दरबारातनं पगार खाणाऱ्या चित्रकारालाही मजूर दिसले. चारशे वर्षांनंतरच्या गाइडच्या भाषणातनं ते पुसले गेले.

जयपूर म्हंजे गुलाबी रंग. हवामहल 1799 चा, 953 झरोके, राण्या आत बसून रस्ता बघायच्या. गुलाबी रंग 1876 साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागताला फासला, हे गाइड मोठ्या अभिमानानं सांगतो. परक्या साहेबासाठी अख्खं शहर रंगवायला लावलं, यात अभिमान कसला ते मला कळलं नाही. असो. जयपुरात आपल्याला बघण्यासारखं जे आहे ते पत्रकात नव्हतं. उच्च न्यायालयाच्या आवारात 1989 साली मनूचा पुतळा बसवला गेला. त्याच वर्षी तो हटवायचं ठरलं आणि त्याला स्थगिती मिळाली. संविधानाच्या शपथेवर चालणारं कोर्ट आणि अंगणात मनू. 8 ऑक्टोबर 2018 रोजी कांताबाई अहिरे आणि शीला पवार या दोन बाया तेव्हाच्या औरंगाबादेतनं एवढ्या लांब गेल्या आणि त्या पुतळ्याला काळं फासून आल्या. अटक झाली. माझ्या लेखी आजवरची सगळ्यात अर्थपूर्ण जयपूर सहल ती.

दिल्लीत कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लाल किल्ला एका दिवसात उरकले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरेदीला मोकळीक होती. आम्ही आठ जण खरेदीला गेलो नाही. आधी अलीपूर रोडला गेलो, 26 नंबरला, जिथं 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. 2018 पासून तिथं स्मारक आहे, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं. मग फिरोजशहा कोटल्याला. क्रिकेटचं मैदान सगळ्यांना माहीत, पण त्याला लागून पडका कोट आहे आणि त्यात पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. खालच्या अंधाऱ्या खणांत लोक जिनांना अर्ज लिहून चिकटवतात, नोकरी मिळू दे, कोर्टाचा निकाल लागू दे. सरकारी कचेरीत अर्ज करून करून दमलेली माणसं ती. त्यांना हसू नये.

हा स्तंभ मुळात इथला नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं तो टोपऱ्याहून, आताच्या हरियाणातनं, आणला. अफीफ नावाच्या बखरकारानं त्याची हकिगत लिहिलीय ती प्रत्येक गिरणी कामगारानं वाचावी अशी आहे. स्तंभ कलंडताना फुटू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाच्या राशी घातल्या. मग वरपासून खालपर्यंत बोरू आणि कच्च्या कातड्यांत गुंडाळला. बेचाळीस चाकांचा गाडा केला, चाकाला दोर, आणि एकेका दोराला दोनशे माणसं. गुणाकार करा : आठ हजार चारशे. यमुनेपर्यंत ओढत नेला, तिथनं होड्यांवरनं दिल्ली. कापूस कुणी वेचला असेल? आणि एवढी कच्ची कातडी कुणी सोलली? अफीफ लिहीत नाही. पण या देशात मेलेलं जनावर कुणी ओढायचं याची वाटणी तेव्हाही झालेली होती, त्यामुळं उत्तर आपल्याला आपल्या घरातच सापडतं.

स्तंभावरची लिपी कुणाला वाचता येईना. टोपऱ्याचे लोक त्याला भीमाची काठी म्हणायचे, गुरं राखताना भीम हातात घ्यायचा ती. (भीमाची काठी! आम्ही आठही जण हसलो. गावकऱ्यांना माहीत नव्हतं ते केवढं पुढचं बोलून गेले.) सुलतानानं ब्राह्मण पंडितांना बोलावलं. त्यांनाही वाचता आलं नाही. पण गप्प बसतील तर कसले. अफीफ सांगतो, काहींनी म्हणे अर्थ लावला की फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा खांब कुणाला हलवता येणार नाही असं यावर लिहिलंय. बघा! समोर सुलतान उभा, त्याच्या हातात थैली, आणि दगडावर नेमकं त्याचंच नाव. गाइडच्या वाङ्मयाची परंपरा कुठं सुरू होते याचा शोध मला इथं लागला. लिपी येत नाही हे कबूल करायचं नाही, गिऱ्हाइकाला जे आवडेल ते वाचून दाखवायचं.

खरं वाचन 1837 साली जेम्स प्रिन्सेपनं केलं. मग कळलं की हा अशोक आहे. आणि त्या स्तंभावरच्या सातव्या लेखात काय आहे? रस्त्यांवर वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली व्हावी म्हणून. आंबराया लावल्या. ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या. अशोकही राजाच, कलिंगात त्यानं काय केलं ते त्यानंच लिहून ठेवलंय. भक्तीनं त्याच्याकडं बघायचं काही कारण नाही. पण माणसाच्या आणि जनावराच्या पाण्याची नोंद दगडावर करावी असं वाटलेला तो राजा आहे.

पाण्यावरनं मी आपल्या मुख्य ग्रंथाकडं येतो. गाइडचं भाषण चुकीचं असेल तर बरोबर कसं असतं, असं कुणी विचारील. त्याचा नमुना बाबासाहेबांनी लिहून ठेवलाय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींच्या पुस्तकात. ते हयातीत छापलं गेलं नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 साली पुस्तिका काढली. आपण ते अत्याचाराचा पुरावा म्हणून वाचतो. ते बरंचसं प्रवासवर्णन आहे हे लक्षात घेत नाही. लहानपणी साताऱ्याहून वडिलांकडं जातानाचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्याची पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा. आणि 1934 सालची सहल. होय, सहलच. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थळं बघायला जायचं होतं, बाबासाहेबांनी बरोबर यावं अशी त्यांची अट होती, आणि काही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. तीसेक माणसं, बस आणि मोटारी, नाशिकहून निघाले.

दौलताबादचा मजकूर कसा रचलाय ते बघा. सुरुवातीला ते अगदी गाइडबुकासारखं लिहितात : हे जुनं ऐतिहासिक ठिकाण, रामदेवरायाची राजधानी, इकडं आलेल्या प्रवाशानं किल्ला चुकवू नये. आणि लगेच पुढं धूळ येते. प्रवासानं अंगभर धूळ बसलेली माणसं. किल्ल्याच्या दरवाजाजवळ काठोकाठ भरलेलं छोटं तळं, भोवती फरसबंदी. काहींनी हातपाय-तोंड धुतलं. रमजानचा महिना. दरवाजाशी आत जायच्या परवान्याची चौकशी चाललेली असताना मागनं पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा तळं बाटवल्याचा ओरडा करत येतो, बघता बघता गर्दी जमते, शिव्या सुरू होतात. बाबासाहेब विचारतात की अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या तळ्यावर अडवाल का. गर्दी गप्प. शेवटी आत सोडतात, पण किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन.

आपल्या सहलीला गाइड म्हणून मिळाला तो हा शिपाई. भिंती किती उंच, तोफ किती लांब, यातलं काही बाबासाहेब सांगत नाहीत. तरी दौलताबादबद्दल इतकं खरं वाक्य दुसऱ्या कुठल्या प्रवासवर्णनात मला दिसलेलं नाही. इमारत कुणाची होती एवढ्यावर ते थांबत नाहीत. तिथलं पाणी कुणाचं होतं, दार कुणाला कुठल्या अटीवर उघडत होतं, हे सांगतात. मुसलमानांना झोडायला हा उतारा वापरू बघणाऱ्यांनी पुस्तक पुरतं वाचावं. त्यात पारशी आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदू तर पानोपानी आहेत. एकाच्याही जातीला-धर्माला त्यांनी सूट दिलेली नाही, आणि कुणाचे हात रक्तात बुडवलेलेही नाहीत. आवाज चढवलेला नाही. आपल्या कवींनी हे गद्य घोकावं.

आणि नाशिक. ती सहल जिथनं निघाली त्या गावाबाहेरच्या डोंगरात लेणी आहेत, लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा संबंध नाही, भिक्खूंचे विहार आहेत. तिथं 10 नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुणाकडं ठेवले? गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं. एकीकडं दोन हजार, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातनं वीस भिक्खूंना चीवरासाठी वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब घालून बघा, बरोबर दोनशे चाळीस येतात. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संघाकडं विश्वासानं ठेवत होता, दर ठरवत होता, दगडावर लिहून देत होता. कार्ल्याच्या लेण्यात तर वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचा सुतार, याचं नाव त्यानं केलेल्या दाराच्या कामासाठी कोरलेलं आहे. ताजच्या पंधराशे वर्षं आधी सुताराला नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं. मग ते कधी गेलं, कुणी काढून घेतलं, यावर पुढच्या अंकात कुणी अभ्यासू मित्रानं लिहावं. मला अजून बरंच वाचायचंय.

आमच्यातले काही जण येत्या उन्हाळ्यात 1934 च्या वाटेनं जायचं म्हणतायत. नाशिकची लेणी, दौलताबाद, वेरूळ. दोन मुक्काम, एसटीनं, जेवण आपापलं. बोलायची पाळी प्रत्येकाची येईल, एकेका ठिकाणी एकेकानं वाचून येऊन सांगायचं. दौलताबादचं तळ्याचं ठिकाण कुणाकडं द्यायचं ते ठरलेलं नाही, तिघांनी मागितलंय. यायचं असेल त्यांनी संपादकांकडं नाव कळवावं आणि कुठलं ठिकाण सांगणार तेही लिहावं.